पुन्हा प्रवासबंदी आली तर: किनाऱ्यावरच्या घरगुती निवासासाठी पूर्वतयारी

कोकण किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्याचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष हा आठवडा, हिवाळ्यातले काही शनिवार-रविवार आणि परीक्षा आटोपल्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ, एवढ्यावरच वर्षाचा हिशेब बसवावा लागतो. जूनमध्ये होड्या वर ओढल्या जातात, झापांनी शाकारलेल्या टपऱ्या उतरवल्या जातात आणि पाहुण्यांऐवजी पाऊस वस्तीला येतो. २०२० साली देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला लागली आणि २०२१ साली महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जाण्यावरचे कडक निर्बंध २२ एप्रिलच्या रात्री ८ वाजता सुरू झाले. दोन्ही वर्षी नेमका मे महिना हातचा गेला, आणि दुसऱ्या वर्षी तर त्याच महिन्यात तौक्ते वादळाने उरलीसुरली माडाची झाडेही आडवी केली.

मालवण तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमच्या चार खोल्या आहेत. त्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो, त्यातले बरेचसे चुका करून शिकलो. बंदीने नुकसान झाले हे खरेच आहे. परंतु वह्या पुन्हा चाळल्यावर असे दिसले की बंदी नसलेल्या दिवसांतही आमच्या खोल्या रिकाम्या राहिल्या होत्या, कारण कोणत्या दिवशी नेमके काय चालू आहे हे ना पाहुण्याला ठाऊक होते, ना आम्हाला. पुढची साथ कोणती आणि केव्हा येईल हे सांगता येत नाही, पण तिच्याबरोबर येणारे आदेश साधारण याच घाटाचे असतील. म्हणून दोन ते दहा खोल्यांची व्यवस्था असणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहून ठेवत आहे.

आदेश मुळातून वाचणे

पहिली सवय अशी लावून घ्यावी की बातमीचा मथळा किंवा मोबाइलवर फिरणारे पत्रक पाहून पाहुण्याला काहीही कळवायचे नाही. डिसेंबर २०२० मध्ये नाताळाच्या तोंडावर रात्रीच्या संचारबंदीची घोषणा झाली तेव्हा दूरचित्रवाणीवर दिवसभर ‘राज्यात संचारबंदी’ एवढेच शब्द झळकत होते. प्रत्यक्षात २२ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळातली, रात्री ११ ते सकाळी ६ पर्यंतची ती संचारबंदी महानगरपालिकांच्या क्षेत्रापुरती होती, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही. तरीही पुण्याच्या दोन कुटुंबांनी आमच्याकडचे बुकिंग रद्द केले, आणि मीही आदेश न वाचताच ‘हरकत नाही, परिस्थितीच तशी आहे’ असे उत्तर देऊन मोकळा झालो. आदेशातले क्षेत्राविषयीचे एक वाक्य मी त्यांना वेळीच पाठवले असते तर ती दोन्ही कुटुंबे कदाचित आली असती.

आदेश हाती आला की प्रथम तो कोणत्या कायद्याखाली आणि कोणाच्या सहीने निघाला आहे ते पाहावे. कोविडकाळातले बहुतेक आदेश साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ या दोन कायद्यांवर उभे होते. यातला पहिला मुंबईतल्या प्लेगच्या वेळी घाईने केलेला कायदा आहे. त्या काळातही रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासले जात असे, तेव्हा प्रवाशाला वेशीवर अडवण्याची रीत आपल्याकडे सव्वाशे वर्षांची जुनी आहे. दोन्ही कायदे आजही लागू आहेत. जमावबंदीचे पूर्वीचे कलम १४४ मात्र १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये गेले आहे, आणि आदेश मोडल्याबद्दलच्या भारतीय दंड संहितेतील कलम १८८ ऐवजी आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. पुढच्या आदेशांत हे नवे आकडे दिसतील, त्यामुळे काही निराळेच लागू झाले असे समजून गोंधळू नये.

त्यानंतर आदेश चार प्रश्न मनात धरून वाचावा: कोणत्या क्षेत्राला लागू, कोणत्या तारखेच्या कोणत्या वेळेपासून, नेमके काय बंद आणि अपवाद कोणाला. पाचवा प्रश्न बहुतेक जण विसरतात, तो क्रियापदाचा. आदेशात ‘बंद राहील’ असे आहे की ‘सक्षम प्राधिकारी गरजेनुसार बंद करू शकेल’ असे आहे, यात फार अंतर आहे. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस राज्याने जे निर्बंध काढले त्यात समुद्रकिनारे, मोकळी मैदाने अशा गर्दीच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकाऱ्याला दिलेला होता. म्हणजे राज्याचा आदेश वाचून आपल्या किनाऱ्याचे काय होणार हे कळत नव्हते, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत होती. अशा वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाहावे.

एकच आदेश वाचून थांबू नये, कारण खोलीचा आदेश एक असतो आणि रस्त्याचा दुसरा. ८ जुलै २०२० पासून महाराष्ट्रात प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची हॉटेले, लॉज आणि अतिथिगृहे ३३ टक्के क्षमतेने सुरू करायला परवानगी मिळाली. चार खोल्यांचे ३३ टक्के म्हणजे एक खोली. तीही आम्ही धुऊनपुसून तयार ठेवली. परंतु जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता आणि पर्यटन हे काही पास मिळण्याचे कारण नव्हते. त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला ई-पासची अट उठेपर्यंत ती एक खोली कागदावरच सुरू होती. जिल्ह्याच्या सीमेवरच्या खारेपाटणच्या नाक्यावरून गाडी पुढे येणार नसेल तर आपल्या फाटकावरची ‘खोली मिळेल’ ही पाटी निरर्थक आहे. म्हणून निवास, प्रवास, खाणावळ, होडी आणि स्थळ या पाचही गोष्टींचे आदेश स्वतंत्रपणे तपासावेत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने आपल्या ताब्यातली स्मारके १६ जून २०२१ पासून उघडायला परवानगी दिली तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी आमच्याकडे फोन येऊ लागले. पण जूनमध्ये मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यात जाणारी प्रवासी होडीच पावसाळ्यामुळे बंद असते, हे फोन करणाऱ्यांना समजावून सांगावे लागले.

निर्बंध बदलण्याचा वार कोणता, हेही आदेशातच शोधावे. जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे पाच स्तर केले. चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा पाहून स्तर ठरत असे; बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, आणि प्रमाण २० टक्क्यांपलीकडे किंवा खाटा ७५ टक्क्यांहून अधिक भरलेल्या असतील तर पाचवा. आढावा आठवड्यातून एकदा होई आणि नवा स्तर सोमवारपासून लागू होई. हे लक्षात आल्यावर आम्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुढच्या आठवड्याचे कोणतेही बुकिंग पक्के करायचे नाही असे ठरवले आणि मनस्ताप निम्म्यावर आला. मात्र असा आठवड्याचा ठेकाही कायम राहत नाही. त्याच महिन्याच्या २५ तारखेला नव्या आदेशाने पहिले दोन स्तर व्यवहारात संपलेच आणि कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराखाली उतरू शकत नाही असे झाले.

वाचलेला प्रत्येक आदेश छापून एका फाइलीत लावावा, वरच्या कोपऱ्यात तो लागू झाल्याची तारीख लिहावी आणि नवा आला की जुन्यावर आडवी रेघ मारून तो त्याच फाइलीत राहू द्यावा. जुना आदेश फेकू नये, कारण सहा महिन्यांनी एखादा पाहुणा ‘त्या तारखेला तुमच्याकडे बंदी नव्हतीच’ असे म्हणतो तेव्हा तोच कागद उपयोगी पडतो.

पाहुण्याचा मार्ग आणि चाचणीचे तास

पाहुणा कोठून येतो यापेक्षा कोठून कोठून येतो हे विचारावे. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तोवर विमानाने येणारा पाहुणा बहुधा गोव्याच्या दाबोळीला उतरून पत्रादेवी-बांदा मार्गे आमच्याकडे येत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोवा येथून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. विमानाने महाराष्ट्रात उतरणाऱ्याचा चाचणीसाठीचा नमुना उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांतला हवा होता, रेल्वेने येणाऱ्याचा ९६ तासांतला, आणि रस्त्याने येणाऱ्याची सीमेवर लक्षणे व ताप तपासून त्याला सोडले जाई. बंगळुरूहून दाबोळीमार्गे येणाऱ्या पाहुण्याला आपण ‘गोव्याचे’ कसे झालो ते कळेना. परतीचेही तसेच होते. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानुसार १० मे २०२१ पासून ७२ तासांतला नकारात्मक अहवाल असल्याखेरीज गोव्यात प्रवेश नव्हता, त्यामुळे मालवणला येऊन मग विमान पकडायला गोव्यात जाणाऱ्याला इथेच चाचणी करून घ्यावी लागणार होती. सीमेलगतच्या सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्यांची परवड तर याहून मोठी होती, पण तो विषय वेगळा.

तासांचा हिशेब पाहुण्यावर सोडू नये, आपणच लिहून द्यावा. घड्याळ अहवाल मिळाल्यापासून सुरू होते की नमुना दिल्यापासून, आणि ते थांबते उतरताना, राज्यात शिरताना की निघताना, हे आदेशात शोधावे. समजा घड्याळ नमुन्यापासून चालते, मर्यादा ७२ तासांची आहे आणि पाहुणा रविवारी दुपारी २ वाजता सीमेवर पोहोचणार आहे. तर नमुना गुरुवारी दुपारी २ नंतरचा हवा. प्रयोगशाळेला अहवाल द्यायला एक ते दोन दिवस लागतात असे धरले, तर गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी नमुना द्यावा, याच्या अलीकडे नको आणि पलीकडेही नको. शिवाय ही मर्यादा बदलत राहते. रेल्वेच्या प्रवाशाला नोव्हेंबर २०२० मध्ये जी ९६ तासांची मुभा होती, ती एप्रिल २०२१ मध्ये संवेदनशील ठरवलेल्या राज्यांसाठी ४८ तासांवर आली, आणि १५ जुलै २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १५ दिवस झालेल्यांना चाचणीच लागेनाशी झाली. जुन्या पाहुण्याला मागच्या वेळचा संदेश तसाच पुढे पाठवण्याचा मोह आवरावा.

आमचा पाठवायचा संदेश साधारण असा असतो: ‘आपण दिनांक अमुक रोजी येणार आहात. आजच्या आदेशानुसार आमचे निवासस्थान सुरू आहे. आपल्या मार्गावर अमुक ठिकाणी तपासणी आहे आणि तिथे प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे अमुक कागद मागितले जातात. लहान मुलांसाठीची अट आदेशाच्या अमुक परिच्छेदात आहे, तो सोबत जोडला आहे. आदेश बदलल्यास आम्ही त्याच दिवशी कळवू; निघण्याच्या आदल्या रात्री ८ वाजता आम्ही आपल्याला फोन करू.’ यातला शेवटचा फोन सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो चुकवू नये. एकदा रात्रभर गाडी चालवून आलेल्या, मागच्या आसनावर झोपलेली दोन मुले घेऊन निघालेल्या जोडप्याला एका आजोबांच्या अहवालावरची तारीख एका दिवसाने जुनी निघाल्यामुळे नाक्यावरून परत फिरावे लागले. पहाटे साडेपाचला त्यांचा फोन आला तेव्हा आमच्याकडे घावनांचे पीठ भिजवलेले होते. आदल्या रात्री मी ती तारीख विचारली असती तर हे टळले असते.

चाचणीचे किंवा लशीचे प्रमाणपत्र आपल्यालाही तपासावे लागले तर कागदावर भरवसा ठेवू नये, त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने वाचून नाव जुळते की नाही ते पाहावे. पाहुण्याच्या आरोग्याच्या कागदांची छायाचित्रे मात्र आपल्या मोबाइलमध्ये साठवू नयेत. वहीत ‘पाहिले’ असे लिहून वेळ नोंदवली की आपले काम झाले.

आगाऊ रक्कम

छोटी निवासव्यवस्था बुडते ती बहुतेक वेळा इथे. मार्च २०२० मध्ये माझ्याकडे एप्रिल-मेच्या बुकिंगची आगाऊ रक्कम जमा होती, आणि तिच्यातून मी फेब्रुवारीतच मागच्या दोन खोल्यांचे छप्पर बदलून घेतले होते. टाळेबंदी लागताच पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पैसे परत मागितले. काहींना मी हप्त्यांनी दिले, काहींना पुढच्या वर्षीचे वचन दिले, आणि पुढच्या वर्षीचा मे महिनाही गेला तेव्हा तोंड दाखवायला जागा उरली नाही. शिवाय एका बुकिंग संकेतस्थळाने आम्हाला न विचारताच आमच्या वाट्याची पूर्ण रक्कम ग्राहकांना परत करून टाकली आणि मग ती आमच्या पुढच्या येण्यातून वळती केली. नोंदणी करताना मान्य केलेल्या अटींत तसे लिहिलेले होते, मी ते वाचले नव्हते.

यावरून दोन गोष्टी कराव्यात. एक, आगाऊ रकमेसाठी बँकेत वेगळे खाते काढावे आणि पाहुणा खोलीत पाऊल टाकीपर्यंत त्या पैशाला हात लावू नये. तो पैसा आपला नाही असेच समजावे. दोन, रद्द करण्याच्या अटी साथ यायच्या आधी, शांत डोक्याने, मराठीत लिहून ठेवाव्यात आणि पैसे घेण्यापूर्वी पाठवाव्यात. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ५६ नुसार करारानंतर एखादी गोष्ट करणे अशक्य किंवा बेकायदा झाले तर करार रद्दबातल होतो, आणि कलम ६५ नुसार त्यापोटी घेतलेला लाभ परत करावा लागतो. सरकारने आपला निवास बंद केला असेल तर आगाऊ रक्कम ठेवून घेण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. निवास सुरू आहे, रस्ता मोकळा आहे आणि पाहुणा केवळ धास्तीने येत नाही, हा प्रसंग वेगळा आहे. तिथे आपण लिहिलेल्या अटी लागू पडतात. या दोहोंच्या मधला प्रसंग सर्वांत त्रासाचा असतो: आपला निवास सुरू, पण पाहुण्याच्या शहरातून बाहेर पडायला बंदी. त्याबद्दल अटींमध्ये स्पष्ट शब्द हवेत.

आमची सध्याची अट अशी आहे: ‘शासकीय आदेशामुळे आमचे निवासस्थान बंद राहिल्यास, किंवा आपल्या राहत्या ठिकाणाहून बाहेर पडण्यास अथवा आमच्या जिल्ह्यात येण्यास मनाई झाल्यास, आगाऊ रक्कम आपल्या इच्छेप्रमाणे १५ दिवसांत पूर्ण परत केली जाईल किंवा पुढील १८ महिन्यांत वापरता येईल. अशी कोणतीही मनाई नसताना आपण येणे रद्द केल्यास, १० दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम आणि त्यानंतर कळवल्यास निम्मी रक्कम परत मिळेल. घरातील कोणी आजारी पडल्यास कृपया येऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी पाठवल्यास तारीख विनाशुल्क बदलून दिली जाईल.’ शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. आजारी माणसाला पैसे बुडतील अशी भीती असते आणि म्हणून तो गोळी घेऊन, ताप लपवून येतो. मुदत १८ महिने ठेवली आहे, कारण १२ महिने ठेवले तर मे ते मे असा फेरा होतो आणि त्याच हंगामावर पुन्हा घाला आला की वचन मोडते. रक्कम मोठी असेल आणि वाद पेटला तर मात्र वकिलाला विचारावे.

गावाशी बोलणे

कागदावर जिल्हाधिकारी मोठे असले तरी पाहुण्याच्या गाडीला वाडीच्या तोंडावर अडवतो तो गावच. कोविडकाळात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृती दले होती, आणि गणपतीच्या आधी त्यांचा अधिकार सर्वांना कळला. २०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गावी पोहोचावे आणि १० दिवस घरात विलगीकरणात राहावे, त्यानंतर येणाऱ्यांनी चाचणी करून यावे, असे राज्याने ठरवले. पण काही गावांनी १४ दिवसांचा आग्रह आधीच धरला होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गणपतीला येणाऱ्या माणसाबद्दल जिथे एवढी घासाघीस झाली, तिथे पर्यटकाला कोण विचारतो? गावाची भीती खोटीही नव्हती, कारण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पलीकडे उपचारासाठी ओरोस किंवा गोव्यातले बांबोळी गाठावे लागते.

म्हणून खोल्या उघडण्यापूर्वी सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताई यांना भेटावे. परवानगी मागायला नव्हे, आपण काय करणार आहोत ते सांगायला जावे. किती पाहुणे, कोणत्या तारखांना, कोणत्या जिल्ह्यातून, त्यांची गाडी कोठे लागेल, ते विहिरीवर किंवा देवळात जाणार का, कोणी आजारी पडलाच तर त्याला कोणती खोली देणार आणि गाडी कोण नेणार, हे एका पानावर लिहून त्यांच्या हाती द्यावे. आमच्याकडे कोपऱ्यातली, वेगळे न्हाणीघर असलेली खोली आम्ही मुद्दाम रिकामी ठेवत होतो. एका खोलीचे उत्पन्न गेले, पण गावचा विरोध मावळला. जेवण करायला येणाऱ्या बायकांनाही आधी विचारावे. त्यांपैकी एकीच्या घरी दम्याचा रुग्ण होता आणि ती भिडेखातर नाही म्हणत नव्हती, हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळले. तिला घरूनच सोलकढी आणि मोदक करून पाठवायचे काम दिले आणि मजुरी तीच ठेवली.

पैसा, कर्ज आणि नोंदणी

पाच महिन्यांचा किमान खर्च हाताशी असावा, असा आमचा अनुभव आहे. किमान खर्च म्हणजे विजेचा स्थिर आकार, पाणीपट्टी, कर्जाचा हप्ता आणि कायम माणसांची निम्मी मजुरी. रंगरंगोटी त्यात धरू नये. कर्ज असेल तर स्थगितीचा अर्थ नीट समजून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी तीन महिन्यांसाठी हप्ते थांबवण्याची सवलत जाहीर केली आणि ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली, पण त्या काळाचे व्याज चढतच होते. हप्ता थांबला म्हणजे व्याज माफ झाले असे समजून आमच्या ओळखीतल्या एका होडीवाल्याने घरातली शिल्लक दुसरीकडे खर्च केली आणि सप्टेंबरमध्ये वाढलेला आकडा पाहून तो हबकला. ज्याला भरणे शक्य आहे त्याने भरत राहावे.

नोंदणीचा कंटाळा करू नये. जून २०२१ मध्ये केंद्राने पर्यटन व्यवसायासाठी कर्जहमीची योजना जाहीर केली, प्रवास व पर्यटन संस्थांना १० लाखांपर्यंत आणि परवानाधारक मार्गदर्शकांना १ लाखापर्यंत. परंतु ती मान्यताप्राप्त आणि नोंदणीकृत लोकांपुरती होती. किल्ला दाखवणारा, पाण्याखालचे प्रवाळ दाखवायला नेणारा, पडवीत दोन खाटा टाकून पाहुणे ठेवणारा, यांच्यापैकी बहुतेकांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. न्याहारी व निवास योजनेत किंवा कृषी पर्यटनात बसत असाल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्यावी, आणि छोट्या व्यवसायांसाठीची केंद्राची उद्यम नोंदणीही करावी. दोन्ही कागद साथ नसताना सावकाश मिळतात, साथ आल्यावर मिळत नाहीत.

खोली

याविषयी थोडकेच लिहितो, कारण प्रत्येक आजाराचे पथ्य वेगळे असते. २०२० मध्ये आम्ही पाहुण्यांच्या बॅगांवर औषध फवारण्यात दिवस घालवले आणि खोलीच्या खिडक्या मात्र वातानुकूलन वाया जाऊ नये म्हणून बंद ठेवल्या. हवेतून पसरणाऱ्या आजारात हे अगदी उलटे झाले. आता दोन पाहुण्यांच्या मध्ये एक दिवस खोली उघडी ठेवतो, जेवण पडवीत किंवा खळ्यात वाढतो आणि जेवणाच्या वेळा कुटुंबागणिक पाठोपाठ लावतो. पाण्यातून पसरणारा आजार असेल तर लक्ष विहीर, टाकी आणि बर्फ यांच्याकडे वळवावे. काय करायचे ते आरोग्य विभागाच्या सूचनेतून घ्यावे, शेजारच्या हॉटेलाने काय केले यावरून नव्हे.

पुन्हा उघडताना

बंदी उठली म्हणजे सगळे एकाच दिवशी उठत नाही. राज्यातले उरलेसुरले निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला संपले. पण त्या आधी जानेवारीत किल्ले आणि पर्यटनस्थळे पुन्हा काही आठवडे बंद झाली होती, तेव्हा ‘आता संपले’ असे समजून लावलेला जाहिरातीचा खर्च अंगावर आला. उघडताना पहिली बोलावणी ज्यांची आगाऊ रक्कम आपल्याकडे अडकली आहे त्यांना करावीत, त्यांना तारखा निवडू द्याव्यात, आणि मगच नवे बुकिंग घ्यावे. दर एकदम खाली आणू नये. २०२० च्या दिवाळीत आमच्या वाडीत एकमेकांवर कडी करत दर उतरले आणि ते पुन्हा वर न्यायला दोन हंगाम गेले. होडीवाले, स्कूबावाले आणि खानावळी यांच्याशी आधी बोलावे, कारण पाहुण्याला खोली मिळाली पण पाण्यात उतरता आले नाही तर राग आपल्यावर निघतो. होडीचा परवाना आणि विमा बंदीच्या काळात संपलेला नाही ना, हे त्यांनाही विचारावे.

पाच महिने बंद राहिलेली खोली दिसायला ठीकच दिसते, म्हणून पहिला पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या कोणीतरी तिथे एक रात्र झोपावे. दिवा, पंखा, गरम पाणी, कडी, मोबाइलची रेंज, गादीला आलेला कुबट वास, सगळे त्या एका रात्रीत कळते. सप्टेंबर २०२० मध्ये मी असा झोपलो तेव्हा रात्री दोन वाजता डोक्यावर पाणी ठिबकू लागले; वातानुकूलन यंत्राच्या बाहेर जाणाऱ्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधून ती घट्ट बुजवली होती. सकाळी सायकलच्या तारेने ती नळी मोकळी केली, मग उरलेल्या तीन खोल्यांच्याही नळ्या तपासल्या, आणि दोन बुजलेल्या निघाल्या.